आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘एमएलएच१ नाही’ : जनुक बिघडलेलं की नुसतं बंद?

पेशीवाचक

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की हल्ली पॅथॉलॉजीच्या रिपोर्टच्या शेवटी चार प्रथिनांची नावं येतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘एमएलएच१ आणि पीएमएस२ नाही’ असं आलं की घरातलं कुणीतरी रात्री गूगल करतं, लिंच सिंड्रोम (म्हणजे या प्रथिनांच्या एखाद्या जनुकात जन्मापासूनच असलेला, घराण्यात उतरणारा बिघाड) हे नाव सापडतं, आणि सकाळपर्यंत अख्खं घर हादरलेलं असतं. मुलांना होणार, नातवंडांना होणार, मुलीच्या सासरी काय सांगायचं. मी पुण्यात एका मॉलिक्युलर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टची घडी हातात धरून विचारायला आलेले असे चेहरे सतत बघते, म्हणून हा धागा काढते आहे.

या ‘नाही’ची दोन अगदी वेगळी कारणं असतात, आणि उतारवयात जास्त वेळा सापडणारं कारण आनुवंशिक नसतं. ही गोष्ट जास्तीत जास्त घरांपर्यंत पोचावी अशी माझी कळकळ आहे.

आधी ही प्रथिनं करतात काय ते. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. नक्कल करणारी यंत्रणा फार अचूक असते, पण एकच अक्षर ओळीने आलं, म्हणजे आठ-दहा ‘ए’ सलग, की ती घसरते. एखादा ‘ए’ जास्त पडतो किंवा गळतो. एमएसएच२-एमएसएच६ ही जोडी अशी चूक हुडकते, एमएलएच१-पीएमएस२ ही जोडी नव्या धाग्याचा चुकलेला तुकडा कापायला लावते. याला मिसमॅच रिपेअर म्हणतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल पॉल मॉडरिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

दुरुस्ती थांबली की अशा सलग अक्षरांच्या जागा हलायला लागतात. टीजीएफबीआर२ या जनुकात दहा ‘ए’ सलग आहेत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढ आवरायला सांगणाऱ्या साखळीतलं हे जनुक. दहाचे नऊ झाले की पुढचं सगळं वाचन एका अक्षराने सरकतं आणि प्रथिन अर्धवटच तयार होतं. दुरुस्ती गेलेल्या बहुतेक आतड्याच्या गाठींत ही जागा बिघडलेली सापडते. अशा गाठींना एमएसआय-हाय म्हणतात.

१९९३-९४ मध्ये एमएसएच२ आणि एमएलएच१ ही जनुकं हाती आली तेव्हा अपेक्षा अशी, की जिथे एमएसआय तिथे या जनुकांत अक्षरांचा बदल मिळणारच. घराण्यात रोग असलेल्यांत तो मिळालाही. पण घरात कुणालाच नाही, वय सत्तरीचं, अशा कित्येक रुग्णांच्या गाठींत जनुक अक्षर न् अक्षर बरोबर आणि प्रथिनाचा पत्ताच नाही. १९९७ मध्ये रिचर्ड कोलोडनर यांच्या गटाने आणि १९९८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जेम्स हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या गाठींत एमएलएच१ च्या प्रमोटरवर, म्हणजे जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं त्या भागावर, ‘सी’ अक्षरांना मिथाइल गट चिकटलेले आहेत. यालाच मेथिलेशन म्हणतात. घर शाबूत आहे, दाराला बाहेरून कडी आहे. मला सगळ्यात पटलेला पुरावा हा: प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना मेथिलेशन उतरवणारं डेसिटाबिन दिलं, तर एमएलएच१ प्रथिन परत दिसायला लागलं आणि दुरुस्तीही सुरू झाली. तुटलेलं जनुक असं परत येत नाही.

पाश्चात्य देशांच्या आकडेवारीत आतड्याच्या १०० कॅन्सरांत साधारण १५ एमएसआय-हाय असतात. त्यातले १२ च्या आसपास या मेथिलेशनमुळे, ३ च्या आसपास लिंचमुळे.

मग आपल्या घरातला रुग्ण कुठल्या गटातला हे कळायचं कसं? एमएलएच१-पीएमएस२ ‘नाही’ असेल तर पुढची तपासणी गाठीवरच करायची: बीरॅफ जनुकातला व्ही६००ई हा बदल, किंवा थेट एमएलएच१ चं मेथिलेशन. बीरॅफचा हा बदल मेथिलेशनवाल्या निम्म्याहून जास्त गाठींत असतो आणि लिंचच्या गाठींत जवळपास कधीच नसतो. तो सापडला तर लिंच जवळजवळ बाद. नाही सापडला तर मात्र काहीच ठरत नाही, मेथिलेशन बघावंच लागतं. दोन्ही नसेल तर रक्तावरची आनुवंशिक तपासणी. आणि एमएसएच२ किंवा एमएसएच६ ‘नाही’ असेल तर मधली पायरी नाही, सरळ आनुवंशिक तपासणीकडे जायचं.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहिते.


कृष्णाकाठ

फार वेळेवर आला हा धागा. आईचं वय ७२, उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ होती, ऑपरेशन सांगलीत झालं. रिपोर्टमध्ये एमएलएच१ आणि पीएमएस२ नाही, बीरॅफ व्ही६००ई आहे. सर्जन म्हणाले मुलांनी घाबरायचं कारण नाही. पण माझा चुलतभाऊ मागे लागलाय की तुम्ही तिघा भावंडांनी रक्ताचं मोठं जेनेटिक पॅनेल करूनच घ्या. खर्च थोडाथोडका नाही. करावं का?


पेशीवाचक

@कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंय ते चित्र मेथिलेशनच्या गाठीचं अगदी ठरलेलं आहे: वय सत्तरीपुढे, बाई, उजवं आतडं, बीरॅफ व्ही६००ई. सर्जननी योग्य सांगितलं. आईंच्या आई-वडिलांत, भावंडांत, मावश्या-मामांत कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर नसेल, तर पॅनेलचे पैसे वाचवा.

आणि तपासणीची खरंच गरज वाटली, तरी ती आधी आईंची करायची असते, मुलांची नाही. आईंमध्ये बदल सापडला तरच मुलांत तो शोधण्याला अर्थ. सरळ मुलांचं पॅनेल केलं की अर्थ न लागणारे बदल हमखास निघतात आणि त्यांचं काय करायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

आईला हा रोग होता म्हणून तुम्हा भावंडांना धोका सर्वसाधारण माणसापेक्षा थोडा जास्त असतोच. त्यासाठी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी. तेवढं तिघांनीही करा.


शंकासुर

मूळ लेखात एक गाठ सुटली नाही. मेथिलेशन एमएलएच१ वर, मग रिपोर्टमध्ये पीएमएस२ पण ‘नाही’ कसं? दोन जनुकं एकदम बंद होतात का?


पेशीवाचक

नाही, पीएमएस२ चं जनुक चालूच असतं. प्रथिन तयारही होतं, पण त्याला एमएलएच१ चा जोडीदार लागतो. जोडीदार नसेल तर ते टिकत नाही, पेशी ते मोडून टाकते. उलट्या बाजूने तसं होत नाही, कारण एमएलएच१ ला दुसरेही जोडीदार चालतात. म्हणून एकटं पीएमएस२ ‘नाही’ आणि एमएलएच१ ‘आहे’ असं दिसलं तर संशय पीएमएस२ च्या जनुकावरच. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं, त्याचं कारणही हेच.

सूक्ष्मदर्शकाखाली हे कसं दिसतं तेही सांगते. या स्लाइडवर प्रथिन असलेली केंद्रकं तपकिरी दिसतात, नसलेली निळी. एमएलएच१ गेलेल्या गाठीत कॅन्सरच्या ग्रंथींची केंद्रकं ओळीने निळी, आणि त्यांच्या मधोमध शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या, पेशी ठसठशीत तपकिरी. त्या तपकिरी पेशी दिसल्याशिवाय ‘नाही’ लिहायचं नसतं, कारण त्याच सांगतात की रंग नीट चढला आहे. फॉर्मलिनमध्ये नीट न मुरलेला तुकडा असेल तर सगळंच निळं दिसतं आणि त्यावरून काहीच म्हणता येत नाही. रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल कंट्रोल’ चा उल्लेख असतो तो याचाच. तो आहे की नाही ते जरूर बघा.


गॅस्ट्रोवाला

धागा आवडला. मी एंडोस्कोपी करतो, तर गाठ होण्याआधीच्या पायरीबद्दल लिहितो.

आपण पॉलिप म्हटलं की देठावर लोंबणारा लालसर गोळा डोळ्यांपुढे येतो. मेथिलेशनच्या वाटेने जाणारे कॅन्सर बहुतेक वेळा त्यातून येत नाहीत. ते येतात सेसाइल सेरेटेड लिजन नावाच्या चपट्या चकतीतून. ही बहुतेक उजव्या आतड्यात असते, रंगाने आजूबाजूच्या अस्तरासारखीच, कडा धूसर, आणि वर पिवळट चिकट श्लेष्माचा थर. पुष्कळदा आधी फक्त तो थर दिसतो, किंवा तिथल्या रक्तवाहिन्यांची नक्षी अचानक थांबलेली दिसते. पाण्याने थर धुतला की खाली चकती. पोट नीट साफ झालेलं नसेल तर ती हमखास निसटते.

बीरॅफचा बदल या चकत्यांत आधीच असतो. मग मेथिलेशन वाढत जातं, एकाच वेळी अनेक जनुकांच्या प्रमोटरवर. १९९९ मध्ये मिनोरू टोयोटा आणि ज्याँ-पिएर इस्सा यांनी या प्रकाराला सिंप हे नाव दिलं. त्या लाटेत एमएलएच१ बंद झालं की पुढचा प्रवास वेगाने होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि अमेरिकेत आयोवातल्या वयस्क बायकांच्या मोठ्या पाहणीत ते स्पष्टपणे पुढे आलं आहे.

म्हणून दोन विनंत्या. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवसाचं औषध अर्धवट घेऊ नका. दुसरा डोस पहाटे घ्यायला सांगतात तो मुख्यतः उजव्या बाजूसाठीच असतो. आणि रिपोर्टमध्ये ‘सीकमपर्यंत (म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या टोकापर्यंत) पाहिलं’ असं लिहिलंय का ते वाचा.


इंद्रायणी

माझा प्रश्न थोडा उलटा आहे. भावाचं वय ३४. डाव्या बाजूच्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. एमएलएच१ आणि पीएमएस२ नाही. बीरॅफ निगेटिव्ह. मग एमएलएच१ मेथिलेशन केलं, ते पॉझिटिव्ह आलं. आम्हाला सांगितलं, “आनुवंशिक नाही, विषय संपला.” घरात तसा कुणाला कॅन्सर नाही. आम्ही निर्धास्त झालो होतो. आता हा धागा वाचून परत धाकधूक वाटतेय. चौतिसाव्या वर्षी असं होतं का?


पेशीवाचक

@इंद्रायणी, तुमची शंका रास्त आहे आणि विषय संपलेला नाही. जरा सविस्तर लिहिते, कारण हेच प्रकरण सगळ्यात जास्त वेळा अर्ध्यात सोडलं जातं.

वर मी जे १५ पैकी १२ लिहिलं ते वयस्क पाश्चात्य रुग्णांचं गणित आहे. मेथिलेशन वयाबरोबर साचत जातं. चौतिसाव्या वर्षी, डाव्या बाजूला, बीरॅफ नसताना मेथिलेशन सापडलं तर ‘म्हाताऱ्या आतड्यात होतं ते’ हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. दोन शक्यता तपासायला हव्यात.

पहिली: भावाला लिंचच असेल. जन्मापासून एमएलएच१ ची एक प्रत बिघडलेली, आणि गाठीत दुसरी प्रत मेथिलेशनने बंद झाली. असं क्वचित होतं, पण होतं. तेव्हा मेथिलेशन पॉझिटिव्ह असूनही रोग आनुवंशिक असतो.

दुसरी: मेथिलेशन फक्त गाठीत नसून सगळ्या शरीरात, अगदी रक्ताच्या पेशींतही असेल. याला कॉन्स्टिट्यूशनल एपिम्युटेशन म्हणतात. म्हणजे एमएलएच१ ची एक प्रत जन्माच्या आसपासच बंद झालेली आहे, अक्षरं सगळी बरोबर आहेत. नेहमीचं जेनेटिक पॅनेल अक्षरं वाचतं, त्यामुळे त्यात काहीच सापडत नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. धोका मात्र लिंचइतकाच, कमी वयात कॅन्सर.

ही गोष्ट पुढच्या पिढीत जाते का? इथेच ती नेहमीच्या आनुवंशिकतेपेक्षा वेगळी आहे. शुक्राणू आणि बीजांडं तयार होताना डीएनएवरच्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात. २००७ मध्ये सिडनीच्या मेगन हिचिन्स आणि सहकाऱ्यांनी अशा स्त्रिया तपासल्या. एकीचं एपिम्युटेशन तिच्या एका मुलात उतरलेलं होतं, पण त्याच मुलाच्या शुक्राणूंत ते पुसलं गेलेलं होतं. तिच्या इतर मुलांना तीच प्रत मिळूनही ती त्यांच्यात चालू होती. म्हणजे बहुतेक वेळा पुढे जात नाही, पण जाणारच नाही अशी हमी नाही. शिवाय काही घराण्यांत प्रमोटरच्या जवळ अक्षराचाच एक छोटा बदल असतो आणि त्याच्यामुळे मेथिलेशन बसतं. तो बदल मात्र सरळ निम्म्या मुलांत जातो.

म्हणून भावाच्या रक्तावर दोन तपासण्या हव्यात: एमएलएच१ च्या अक्षरांची, मोठ्या गळलेल्या तुकड्यांसकट; आणि एमएलएच१ च्या मेथिलेशनची. दुसरी सगळीकडे होत नाही, आधी विचारून घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे, अशा प्रश्नासाठी ते योग्य ठिकाण.


वालकाठ

नमस्कार. मी नेदरलँड्समध्ये नायमेखनला राहते, इथल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलशी कामामुळे संबंध येतो. एमएसएच२ बद्दल एक भर घालते, कारण तो शोध इथलाच आहे.

एमएसएच२ च्या अगदी शेजारी, आधी, एपकॅम नावाचं जनुक आहे. २००९ मध्ये मार्योलैन लिख्टेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी काही घराण्यांत पाहिलं, की एपकॅमचा शेवटचा तुकडा गळलेला आहे. त्या तुकड्यातच ‘इथे वाचन थांबवा’ ही खूण असते. ती नसल्याने वाचन थेट एमएसएच२ च्या प्रमोटरवरून पुढे जातं आणि त्या प्रमोटरवर मेथिलेशन बसतं. एमएसएच२ स्वतः धडधाकट, तरी बंद.

गंमत नाही, पण विलक्षण गोष्ट अशी, की हे फक्त एपकॅम चालू असलेल्या पेशींत होतं, म्हणजे आतड्याच्या अस्तरासारख्या. रक्तात फारसं दिसत नाही. त्यामुळे इथे मेथिलेशनची रक्ततपासणी उपयोगाची नाही, एपकॅमचा गळलेला तुकडा शोधावा लागतो. आणि हा तुकडा पिढ्यान् पिढ्या सरळ उतरतो. कुणाच्या रिपोर्टमध्ये एमएसएच२ नाही आणि पॅनेल नॉर्मल असेल, तर त्या पॅनेलमध्ये एपकॅम होतं का ते विचारा.


मुळशीकर

एक प्रश्न. मेथिलेशन उतरवता येतं असं मूळ लेखात लिहिलंय. मग औषध देऊन ते जनुक परत चालू का करत नाहीत? आणि व्हॉट्सअॅपवर फिरतं की हळद, ग्रीन टी, फॉलिक अॅसिडने मेथिलेशन सुधारतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ऑपरेशन पुढे ढकलून हाच मार्ग धरला आहे.


पेशीवाचक

@मुळशीकर, आधी काकांचं. त्यांना ऑपरेशनला पाठवा, हात जोडून सांगते. हळदीने किंवा चहाने माणसाच्या आतड्यातल्या गाठीतलं एमएलएच१ चालू झालं असं कुणी दाखवलेलं नाही. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेऊन पॉलिप टळतात का, यावर मोठी चाचणी झाली होती. त्यात टळले नाहीत, उलट काळजी करावी अशी लक्षणं दिसली. स्वतःच्या मनाने गोळ्या नकोत.

औषधाबद्दल. डेसिटाबिन आणि अॅझासिटिडिन रक्ताच्या काही आजारांत वापरतात. आतड्याच्या गाठींत त्यांनी एकट्याने काही साधलेलं नाही. आणि विचार केला तर जनुक आत्ता चालू करून फार काही हाती लागतही नाही. दुरुस्ती बंद असताना हजारो चुका आधीच साचल्या. एमएलएच१ परत आलं तरी टीजीएफबीआर२ चे दहा ‘ए’ काही परत दहा होत नाहीत.

उलट या साचलेल्या चुकाच आज उपचाराला कामी येतात. वाचन सरकल्यामुळे तयार झालेली वेडीवाकडी प्रथिनं रोगप्रतिकार यंत्रणेला परकी दिसतात, म्हणूनच त्या गाठींत एवढ्या लिम्फोसाइट शिरलेल्या असतात. गाठ त्यांना दाबून धरते. तो दाब काढणारी औषधं म्हणजे इम्युनोथेरपी.


गॅस्ट्रोवाला

त्यावर आकडेही देतो. कीनोट-१७७ या चाचणीत पसरलेल्या एमएसआय-हाय कॅन्सरच्या ३०७ रुग्णांना पहिला उपचार म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध किंवा नेहमीची केमो दिली. आजार न वाढता गेलेला मध्य काळ १६.५ महिने विरुद्ध ८.२ महिने. गाठ मेथिलेशनची आहे की लिंचची, याने औषध द्यायचं की नाही हे ठरत नाही. एमएसआय-हाय असणं पुरेसं.

आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या (स्टेज २) एमएसआय-हाय रुग्णांना ऑपरेशननंतर एकट्या फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा होत नाही आणि तसाही त्यांचा आजार परतण्याचा धोका कमी असतो. म्हणजे हा रिपोर्ट वाचून काही जणांची केमो टळते. इम्युनोथेरपीच्या औषधाची किंमत आपल्याकडे बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे हे खरं, पण रिपोर्टच केला नाही तर मदत योजना, चाचण्या कशाचाच दरवाजा उघडत नाही.

आणखी एक. गुदाशयात एमएलएच१ चं मेथिलेशन फार कमी सापडतं. गुदाशयाची गाठ एमएसआय-हाय असेल तर लिंचचा संशय जास्त. आपल्याकडे गुदाशयाचे आणि तरुण वयातले रुग्ण बरेच असतात, त्यामुळे पाश्चात्य टक्केवारी डोळे मिटून लावू नये, या मताशी मी पूर्ण सहमत.


झुआरी

एमएस्सी बायोटेकची विद्यार्थिनी आहे, गोव्यातून. सगळी चर्चा मिसमॅच रिपेअरवर चालली आहे. एमजीएमटीचं काय? आमच्या सेमिनारमध्ये सांगितलं, की आतड्याच्या कॅन्सरमध्ये मेथिलेशनने बंद होणारं दुरुस्तीचं जनुक म्हणून त्याचा क्रमांक एमएलएच१ च्याही वर आहे.


पेशीवाचक

बरोबर सांगितलं. ४० टक्क्यांच्या आसपास गाठींत एमजीएमटीच्या प्रमोटरवर मेथिलेशन सापडतं.

त्याचं काम वेगळं आहे. काही रसायनांमुळे डीएनएमधल्या ‘जी’ अक्षराला चुकीच्या जागी मिथाइल गट लागतो. असा ‘जी’ नक्कल होताना ‘सी’ ऐवजी ‘टी’शी जोडी जमवतो आणि पुढच्या पिढीत ‘जी’चा ‘ए’ होतो. एमजीएमटी प्रथिन तो मिथाइल गट उचलून स्वतःवर घेतं आणि तिथेच निकामी होतं. एका दुरुस्तीला एक अख्खं प्रथिन खर्ची पडतं. म्हणून जनुक बंद झालं की साठा लगेच संपतो. २००० मध्ये मॅनेल एस्टेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एमजीएमटी बंद असलेल्या आतड्याच्या गाठींत के-रास या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकामध्ये नेमके ‘जी’चे ‘ए’ झालेले बदल जास्त असतात. जनुक बंद होणं आणि पुढची नेमकी चूक, यांचा दुवा इतका स्वच्छ फार थोड्या ठिकाणी मिळतो.

पुढचं मला जास्त विचारात पाडतं. गाठीपासून काही सेंटीमीटरवरचं अस्तर, जे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरोगी दिसतं, त्यातही काही रुग्णांत एमजीएमटीचं मेथिलेशन सापडतं. म्हणजे गाठ येण्याआधी आतड्याचा एक पट्टाच बदललेला असतो. एकदा पॉलिप काढला तरी ठरावीक काळाने परत कोलोनोस्कोपीला बोलावतात, त्यामागे जी कारणं आहेत त्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.


झुआरी

मग टेमोझोलोमाइड? मेंदूच्या गाठीत एमजीएमटी मेथिलेशन बघूनच ते औषध किती लागू पडेल ते ठरवतात ना?


पेशीवाचक

आतड्यातही करून पाहिलं. इतर उपचार संपलेल्या, एमजीएमटी बंद असलेल्या रुग्णांत साधारण दहातल्या एकाची गाठ लहान झाली. फार नाही. एक अडचण अशी, की मेथिलेशन आहे म्हणजे प्रथिन गेलंच असं एमजीएमटीत खात्रीने म्हणता येत नाही. दोन्ही तपासून निवड केली तर निकाल बरे येतात. इटलीतल्या माया चाचणीत त्यापुढची कल्पना वापरली: एमएसआय नसलेल्या, एमजीएमटी बंद असलेल्या रुग्णांना आधी टेमोझोलोमाइड देऊन गाठीत चुका वाढू द्यायच्या आणि मग इम्युनोथेरपी सुरू करायची. निवडक रुग्णांत उपयोग झाला. रोजच्या वापरात अजून नाही.

आणि हो, टेमोझोलोमाइडचा मारा लागू पडायला मिसमॅच रिपेअर शाबूत लागतं. न दुरुस्त झालेला ‘जी’ बघून पेशीला मारण्याचा इशारा तीच यंत्रणा देते. एमएलएच१ पण बंद असेल तर पेशी औषधाला दाद देत नाही. प्रबंधाला विषय हवा असेल तर या दोन जनुकांचं एकमेकांशी नातं घ्या, फार सुंदर विषय आहे.


शंकासुर

लिंच सिंड्रोम आधी माहीत झाला आणि मेथिलेशन नंतर, म्हणून लोकांच्या डोक्यात पहिलं नाव तेच येत असावं. १८९५ मध्ये मिशिगनमध्ये अॅन आर्बरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना सांगितलं होतं, की आमच्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. त्या पुढे तशाच गेल्या. १९१३ मध्ये वॉर्थिननी ते घराणं छापलं. हेन्री लिंच यांचं काम १९६० च्या दशकातलं. इतकी ठसठशीत कहाणी असल्यावर ती लोकांच्या लक्षात राहणारच.


कृष्णाकाठ

चुलतभावाला धागा वाचायला दिला. पॅनेलचा विषय मागे पडला आहे. धाकट्या भावाची आणि माझी कोलोनोस्कोपी ठरवतोय. पेशीवाचक ताई, मनापासून आभार.


इंद्रायणी

ताई, लॅबला नेमकं काय सांगायचं? मागच्या वेळी आम्ही नुसतं “मेथिलेशन करा” म्हणालो होतो आणि जे झालं ते झालं.


पेशीवाचक

रक्त ईडीटीए नळीत, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या. फॉर्मवर असं लिहायला सांगा: ‘एमएलएच१ प्रमोटर मेथिलेशन, रक्तावर, कॉन्स्टिट्यूशनल एपिम्युटेशनसाठी’. ‘रक्तावर’ हा शब्द नसेल तर परत गाठीवरच करतील. शिवाय भावाचं वय आणि गाठीचा आधीचा निकाल लिहा. कधीकधी हे मेथिलेशन रक्तात अगदी थोड्या पेशींत असतं, ते पकडेल अशी पद्धत आहे का ते तपासणी करणाऱ्यांशी बोलून घ्या.

तपासणीत डीएनएवर बायसल्फाइट टाकतात. मिथाइल नसलेला ‘सी’ त्याने बदलतो आणि ‘टी’सारखा वाचला जातो, मिथाइल असलेला ‘सी’ तसाच राहतो. त्या फरकावर सगळा निकाल असतो.

गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. तो पुढे परत लागू शकतो.


गॅस्ट्रोवाला

@इंद्रायणी, हे निकाल यायला वेळ लागेल. तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी तोवर थांबवू नका. भावाला ३४ व्या वर्षी झाला म्हणजे सख्ख्या भावंडांनी त्याआधी दहा वर्षं, म्हणजे चोविशीपासून करायची असते. तुम्ही त्यापुढे असालच. आई-वडिलांचीही झाली नसेल तर त्यांची करा.


इंद्रायणी

मी ३९ ची. झालेली नाही. सोमवारी नंबर लावते, आई-बाबांचाही.